हिरव्या चटईवरील सराव आणि गोल्फ स्टिकचा घसारा

गोल्फ हा खेळ भारताला नवा नाही. कोलकात्यातील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबची स्थापना १८२९ मध्ये झाली; ब्रिटिश बेटांबाहेरील तो सर्वांत जुना गोल्फ क्लब होय. शहरांतील नवोदित खेळाडूंचा सराव मात्र पुष्कळदा ड्रायव्हिंग रेंजवरील कृत्रिम हिरवळीच्या चटईवरच होतो. ही चटई सोयीची खरी. परंतु तिच्यामुळे स्टिकचा होणारा घसारा सहसा हिशेबात धरला जात नाही.

मातीवर चेंडूच्या मागे फटका बसला, तर स्टिकचे पाते जमिनीत रुतते, चेंडू जवळच पडतो आणि चूक तत्काळ कळते. चटईखाली सामान्यतः रबराचा थर व त्याखाली काँक्रीट असते. तेथे पाते उसळून चेंडूवर आदळते आणि चुकलेला फटकाही साधल्याचा भास होतो. तो आघात मात्र स्टिक आणि खेळाडूचे मनगट व कोपर यांना सोसावा लागतो.

घर्षणाच्या उष्णतेने चटईचे धागे वितळून पात्याच्या तळाला हिरवे पट्टे चिकटतात. ते केवळ दिसायला वाईट असतात आणि पुसून काढता येतात. खरे नुकसान त्याहून सूक्ष्म असते. घडीव आयर्न स्टिक मऊ कार्बन पोलादाच्या असतात. कठीण पृष्ठभागावरील असंख्य आघातांनी पाते व दांडा यांमधील कोन किंचित बदलू शकतो आणि मग निर्दोष फटकाही दिशा सोडतो. क्रोमचा मुलामा झिजून पोलाद उघडे पडले, की पावसाळ्याच्या दमट हवेत गंज चढतो. चेंडूंना चिकटलेल्या वाळूने वेजच्या खाचा बोथट होतात. परिणामी चेंडूला मिळणारी उलटी फिरकी घटते आणि तो हिरवळीवर थांबेनासा होतो.

उपाय साधे आहेत. शक्य तेव्हा नैसर्गिक गवतावर सराव करावा. चटईवर जुनी स्टिक वापरावी आणि ड्रायव्हरचा फटका रबरी टीवरून मारावा. पाते व चेंडू ओल्या फडक्याने पुसावेत आणि घरी परतल्यावर स्टिक कोरड्या करून ठेवाव्यात. नियमित सराव करणाऱ्यांनी वर्षातून एकदा जाणकार कारागिराकडून पात्यांचे कोन तपासून घ्यावेत. मऊ पोलादाचा बदललेला कोन यंत्रावर पूर्ववत करता येतो. बोथट खाचांची मूळ धार मात्र सहजासहजी परत येत नाही. म्हणूनच महागड्या वेज चटईपासून शक्यतो दूर ठेवणे हिताचे ठरते.