एहेगावचा पूल मापात धरताना

संपादकांना जुन्या रेल्वे पुलांचे फोटो हवे होते. घरात छोट्या रुळांवर छोट्या गाड्या चालवणाऱ्या वाचकांना ते पाहून स्वतःचा पूल बांधता यावा, एवढीच अपेक्षा होती. नाशिककराला त्यासाठी दूर जावे लागत नाही. इगतपुरीनंतर थळ घाट सुरू होतो आणि त्या घाटातच एहेगावचा पूल आहे.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली १८६२ मध्ये वारले. १ जानेवारी १८६५ रोजी लोहमार्ग इगतपुरीपर्यंत खुला झाला, तो पाहायला ते नव्हते. सुमारे सव्वानऊ मैलांत ९७२ फुटांची चढण, तेरा बोगदे आणि सहा मोठे पूल, असा तेव्हाचा हा घाट. त्यांतला सर्वांत उंच पूल एहेगावचा: दरीच्या तळापासून सुमारे १८२ फूट उंच, सुमारे ७५० फूट लांब. १८६५ च्या रचनेत टोकांना दगडी कमानी होत्या आणि मधल्या गाळ्यांवर त्रिकोणी रचनेचे लोखंडी गर्डर.

त्या त्रिकोणांपाशी मी सर्वांत जास्त रमलो. चौकोनी चौकट कोपऱ्यांत दाबली की तिरकी होते. त्रिकोणाच्या बाजूंची लांबी बदलल्याशिवाय त्याचा आकार बदलत नाही. अशा त्रिकोणांच्या, म्हणजे वॉरन पद्धतीच्या, गर्डरमधून गाडी जाते तेव्हा काही पट्ट्या दाबल्या जातात, काही ताणल्या जातात, आणि सगळा भार टोकांकडे जाऊन खांबांवर उतरतो. शिवाय लोखंड उन्हात वाढते. दीडशे फुटी गर्डरच्या तापमानात ३० अंशांचा फरक पडला तर तो सुमारे दीड सेंटिमीटर लांबतो. म्हणून त्याचे एक टोक पक्के बसवतात आणि दुसरे बेअरिंगवर सरकते ठेवतात. मॉडेलमध्ये हा फरक डोळ्यांना दिसणार नाही, पण दोन्ही टोकांची बेअरिंग वेगळी दाखवली तर जाणकार लगेच ओळखतो की करणाऱ्याने पूल समजून घेतला आहे.

आता चढ. सर्वांत तीव्र भागात ३७ फूट पुढे जाताना एक फूट वर, असा हा मार्ग. घाटाच्या पायथ्याशी कसाऱ्याला बहुतेक गाड्यांच्या मागे बँकर इंजिने लागतात आणि ती इगतपुरीपर्यंत गाडी ढकलत नेतात. टेबलावरही हाच चढ ठेवता येतो: ३७ सेंटिमीटरला एक. मग छोट्या गाडीलाही मागे एक इंजिन द्यावे. घाट खरा वाटतो तो त्यामुळे.

खरी अडचण मापात आहे. जगभर सर्वाधिक चालणारे मॉडेलचे प्रमाण एकास ८७. त्या प्रमाणात एहेगावचा पूल दोन फुटांहून थोडा उंच आणि साडेआठ फूट लांब होतो. दिवाणखान्याची एक भिंत त्यालाच लागेल, म्हणून बहुतेकांना गाळे कमी करावे लागतात. गाळे कमी करा, पण खांबांची उंची आणि जाडी यांचे नाते बिघडवू नका. या पुलाचा रुबाब त्या सडपातळ उंचीतच आहे.

दुसरी अडचण रुळांची. बाजारात मिळणारे रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचे असतात. ते युरोप-अमेरिकेतल्या १४३५ मिलिमीटरच्या मार्गासाठी. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा आहे, म्हणजे मॉडेलात सव्वाएकोणीस मिलिमीटर हवा. तयार रूळ घातले की आपली गाडी अरुंद पायांवर उभी दिसते. रूळ स्वतः बनवायचे तर चाकेही स्वतःच बनवावी लागतात. पुण्यात भाऊसाहेब जोशींच्या चिकाटीतून १९९८ मध्ये छोट्या रेल्वेचे संग्रहालय उभे राहिले. या छंदाला किती वर्षांचा संयम लागतो, ते तिथे पाहिल्यावर पटते.

तिसरी अडचण फोटोची, आणि ती सर्वांत गंभीर आहे. माप घेण्यासाठी रुळांवर किंवा पुलावर जायचे नाही. परवानगीविना रेल्वेच्या हद्दीत शिरणे १९८९ च्या रेल्वे कायद्याने गुन्हा आहे, आणि घाटात उतरणारी गाडी झटकन थांबत नाही. फूटपट्टी मात्र गाडीच पुरवते. जुना आयसीएफ डबा सुमारे २१.३ मीटर लांब, नवा एलएचबी सुमारे २३.५ मीटर. समोरच्या डोंगरउतारावरून, पुलाशी काटकोन साधून, लांब पल्ल्याच्या लेन्सने गाडीसह फोटो काढला तर डब्याच्या लांबीवरून गाळ्याची रुंदी आणि खांबाची उंची काढता येते. पावसाळ्यात धुके आणि धबधबे सुंदर दिसतात, पण दगडाचे थर मोजायला कोरड्या दिवसांतली सकाळची तिरपी उन्हेच हवीत.

हे काम आता करावे, असे मला मनापासून वाटते. बँकर लागणार नाही अशा कमी चढाच्या मार्गाची योजना रेल्वेपुढे आहे, आणि तशी सोय होणे योग्यच आहे. पण वाहतूक वळली की जुन्या मार्गाकडे लक्ष कमी होते. बोरघाटातला १८३० चा अमृतांजन पूल २०२० मध्ये पाडला गेला. आता त्याचे मॉडेल करायचे तर भरवसा जुन्या फोटोंवर आणि नोंदींवर. म्हणून एहेगावच्या प्रत्येक फोटोसोबत तारीख, उभे राहण्याची जागा आणि पुलावरच्या डब्याचा प्रकार लिहून ठेवा. एवढी नोंद असेल तर पन्नास वर्षांनीही कुणाला त्या फोटोवरून मापात पूल बांधता येईल.