शंभर लिटरची मुभा

नगर-मनमाड रस्ता कोल्हारला प्रवरा ओलांडतो. नगरकडून येताना नदीच्या अलीकडचे कोल्हार खुर्द राहुरी तालुक्यात आणि पलीकडचे कोल्हार बुद्रुक राहाता तालुक्यात. भगवतीदेवीच्या देवस्थानामुळे कोल्हार भगवतीपूर असे नाव जोडीनेच घेतले जाते. इथूनच लोणी, संगमनेर करत घोटीकडे जाणारा रस्ता फुटतो. शिर्डीला निघालेल्या गाड्या, उसाचे ट्रॅक्टर, कांद्याचे ट्रक, एसटी आणि मनमाडजवळच्या पानेवाडीहून इंधन भरून निघालेले टँकर असा सगळा राबता या रस्त्यावर असतो. इतकी चाके जिथून जातात तिथे पंक्चरवाला, वेल्डिंगवाला, नोझल-पंप दुरुस्त करणारा आणि डेंटिंग-पेंटिंगवाला असायचाच.

या गॅरेजांच्या पत्र्याखाली एक जुना कायदा लागू आहे. १९३४ चा पेट्रोलियम कायदा. त्यातली कलमे ७, ८ आणि ९ दोन पानांत मावतील एवढीच आहेत, पण घरात, शेतात किंवा गॅरेजात इंधन ठेवणाऱ्या प्रत्येकाचा त्यांच्याशी संबंध येतो. आठवे कलम सांगते की विक्रीसाठी नसलेले पेट्रोल ३० लिटरपर्यंत परवान्याशिवाय ठेवता येते. मात्र भांडे घट्ट बुचाचे हवे. काचेचे किंवा चिनी मातीचे असेल तर एका लिटरपेक्षा मोठे नको, धातूचे असेल तर २५ लिटरपेक्षा मोठे नको. नववे कलम मोटारमालकाला आणि इंजिनमालकाला थोडी जास्त सवलत देते. गाडीच्या टाकीत असेल ते सोडून आणखी १०० लिटर. गाड्या कितीही असोत, मुभा तेवढीच. आणि हा साठा ३० लिटरच्या वर गेला, तर तो अशा वेगळ्या जागी ठेवायचा की जिचा दरवाजा माणसे राहतात, काम करतात किंवा जमतात अशा कोणत्याही खोलीत उघडत नाही.

हे शेवटचे वाक्य मला सगळ्या कायद्याचे मर्म वाटते. किती पेट्रोल, हा प्रश्न त्यात आहेच. पण त्याहून मोठा प्रश्न आहे की ते जिथे आहे तिथून वाफ कुठे जाईल. कायदा लिहिणाऱ्यांना कळले होते की पेट्रोल जळत नाही, त्याची वाफ जळते.

पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ठिणगीने पेटेल एवढी वाफ ज्या तापमानाला सुटू लागते ते तापमान, शून्याखाली सुमारे ४० अंश सेल्सियस. नगर जिल्ह्यातल्या कडाक्याच्या थंडीतही उघड्या कॅनच्या तोंडाशी ठिणगीने पेटेल एवढी वाफ असते. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड. ती वर उडून जात नाही, पाण्यासारखी उताराकडे सरकते आणि खोलगट जागी साचते. गॅरेजमधली सर्वांत खोलगट जागा म्हणजे गाडीखाली उभे राहून काम करायचा खड्डा. हवेत साधारण दीड टक्का वाफ मिसळली की मिश्रण पेट घेऊ शकते. एका लिटर पेट्रोलची सगळी वाफ झाली तर ती दीडशे ते दोनशे लिटर जागा व्यापते. हिशेब केला तर दहा बाय दहाच्या बंद खोलीत दोन-अडीच लिटर पेट्रोल सांडणे पुरे, सगळी खोली पेटण्याजोगी होऊ शकते. साठा एका कोपऱ्यात आणि स्टोव्ह दुसऱ्या कोपऱ्यात म्हणून आपण सुरक्षित, हा समज म्हणूनच जीवघेणा आहे. ठिणगी दूर असली तरी वाफ तिच्यापर्यंत पोचते आणि ज्योत त्याच वाटेने साठ्यापर्यंत मागे येते.

गंमत अशी की असा कायदा मुळात मोटारीसाठी जन्मला नव्हता. तो दिव्यासाठी जन्मला. एकोणिसाव्या शतकात रॉकेलचे दिवे घराघरांत गेले. रॉकेलमध्ये हलके, लवकर पेटणारे तेल राहिले किंवा मुद्दाम मिसळले तर दिवा हातात फुटत असे. म्हणून तेल किती तापमानाला पेटती वाफ सोडते हे मोजण्याची गरज पडली. इंग्लंडमधल्या सर फ्रेडरिक एबल यांनी बंद भांड्यात तेल हळूहळू तापवून वर बारीक ज्योत दाखवणारे उपकरण तयार केले. १८७९ मध्ये ब्रिटिश कायद्याने ते स्वीकारले आणि मर्यादा ठरवली ७३ अंश फॅरेनहाइट, म्हणजे जवळजवळ २३ अंश सेल्सियस. भारतातला आजचा नियमही तीच रेघ ओढतो. ज्याचा फ्लॅश पॉइंट २३ अंशांखाली ते ‘अ’ वर्ग, म्हणजे पेट्रोल. २३ ते ६५ मधले ‘ब’ वर्ग, म्हणजे रॉकेल आणि डिझेल. दिव्याच्या काचेसाठी आखलेली रेघ आज कोल्हारच्या पेट्रोल पंपावर लागू आहे.

१९३४ च्या आधी हिंदुस्थानात १८८६ चा पेट्रोलियम कायदा होता, मग १८९९ चा आला. मधल्या काळात, १८९८ च्या सुमारास, मुंबईच्या रस्त्यावर पहिल्या मोटारी दिसल्या. स्फोटक पदार्थांवर देखरेख ठेवणारे सरकारी खातेही १८९८ मध्येच उभे राहिले. आज ते पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटना म्हणून ओळखले जाते आणि त्याचे मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. देशातल्या पेट्रोल पंपांच्या परवान्यांचे सूत्र विदर्भातून हलते, हे मराठी वाचकाला फारसे माहीत नसते.

पहिल्या मोटारींच्या काळात पंप नव्हते. पेट्रोल पत्र्याच्या डब्यांतून येई. डबा फोडायचा, नरसाळे लावायचे, टाकीत ओतायचे. त्या गाड्यांचे पुढचे दिवेही पुष्कळदा कार्बाइडचे असत. पाणी आणि कार्बाइडपासून अ‍ॅसिटिलीन तयार व्हायचे आणि काचेमागे उघडी ज्योत जळायची. म्हणजे अंधार पडल्यावर गाडी गॅरेजात शिरली की समोर जळती ज्योत, शेजारी उघडे नरसाळे आणि खाली सांडलेले पेट्रोल. इंधन भरताना इंजिन बंद, दिवे बंद, विडी बंद ही सूचना आज पंपावरच्या फलकापुरती राहिली आहे, पण तिच्या मुळाशी ही खरीखुरी ज्योत होती. कार्बाइडवरचे नियमही पुढे पेट्रोलियम कायद्याखालीच आले.

या धोक्यावरचा मोठा तोडगा म्हणजे साठा जमिनीत पुरणे. १९२८ मध्ये बर्मा-शेल कंपनी भारतात काम करू लागली आणि तिशीच्या दशकात रस्त्यापासून थोडी आत घेतलेली, गाडी वळवून आणता येईल अशी पेट्रोल केंद्रे उभी राहू लागली. टाकी जमिनीखाली, वर फक्त हातपंप. डबा फोडणे, ओतणे, सांडणे यातले बरेचसे एका झटक्यात संपले. जमिनीतल्या टाकीला श्वास घ्यायला नळी लागते. तिचे तोंड किमान चार मीटर उंच हवे आणि त्यावर गंज न चढणाऱ्या जाळीचे दोन थर हवेत, एका सेंटीमीटरला किमान ११ छिद्रे पडतील इतकी बारीक जाळी. ही जाळी केवळ कचरा अडवण्यासाठी नाही. १८१५ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी कोळसा खाणीतल्या कामगारांसाठी जाळीचा दिवा बनवला तेव्हा दाखवून दिले होते की बारीक तारजाळी ज्योतीची उष्णता शोषून घेते आणि ज्योत पलीकडे जाऊ शकत नाही. खाणकामगाराचा जीव वाचवणारी तीच जाळी पंपाच्या त्या उंच नळीवर बसली आहे. पुढच्या वेळी पंपावर थांबाल तेव्हा मान वर करून ती नक्की पाहा.

डबे आणि बॅरल ठेवायच्या कोठारासाठी नियम आणखी साधे आहेत. दाराचा उंबरा जमिनीपासून ३० सेंटीमीटर उंच बांधा किंवा आतली जमीन तेवढी खोल घ्या, म्हणजे बॅरल फुटले तरी तेल रस्त्यावर, गटारात, शेजारच्या घरात वाहणार नाही. एका उंबऱ्याचा हा खर्च किती? पण तो नसल्यामुळे आग एका खोलीतून पूर्ण आळीत जाऊ शकते.

इंजिनाचा उल्लेख नवव्या कलमात आहे याकडे मुद्दाम लक्ष वेधतो. नगर जिल्ह्याच्या उत्तर भागात विहिरींवर मोटेच्या जागी तेलाची इंजिने आली. किर्लोस्करांनी पुण्यात ऑइल इंजिनांचा स्वतंत्र कारखाना १९४६ मध्ये काढला. मळ्यातल्या खोपीत, वस्तीवरच्या पडवीत तेलाचे बॅरल ठेवायची सवय तेव्हापासूनची. डिझेलला सातवे कलम जास्त मोकळीक देते. २५०० लिटरपर्यंत परवाना नको, फक्त एकही भांडे १००० लिटरपेक्षा मोठे नको. त्यामुळे शेतकऱ्याने दोन बॅरल डिझेल ठेवले तर तो गुन्हा नाही. गुन्हा होतो तो पेट्रोल बाटलीत भरून रस्त्याकडेला विकण्यात. आठव्या कलमातली सवलत विक्रीच्या पेट्रोलला लागूच नाही, मग बाटली एक असो की दहा.

गॅरेजात खरा घात कुठे होतो, हे मिस्त्री लोकांना अनुभवाने माहीत असते, तरी घाईत तेच होते. पेट्रोलमध्ये पार्ट धुणे हे पहिले. ब्रश फिरतो, वाफ खड्ड्यात उतरते आणि शेजारी ग्राइंडर चालू असतो. दुसरे, गळकी टाकी वेल्डिंगला घेणे. भरलेल्या टाकीत वाफ इतकी दाट असते की पेटायला हवा पुरत नाही. रिकाम्या टाकीत मात्र वाफ आणि हवा नेमक्या घातक प्रमाणात मिसळलेली असतात. म्हणून रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट. ती पाण्याच्या वाफेने नीट धुऊन, पाणी भरून, मगच काम करायचे असते. तिसरे, प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये पेट्रोल भरणे आणि ते फटफटीवर लटकवून नेणे. प्लॅस्टिकवर साचलेला विजेचा भार जमिनीत जात नाही. टँकर रिकामा करताना आधी अर्थिंगची तार जोडतात ती याच कारणाने. हातदिव्याची उघडी वायर, तेलकट बोळ्यांचा ढीग, खड्ड्याला हवा जायला नळी नाही, या गोष्टींची यादी करत बसलो तर संपणार नाही.

इंधनाच्या या रस्त्यावर एक घटना कधी विसरू नये अशी आहे. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना पानेवाडीजवळ इंधनात भेसळ करणाऱ्यांनी जिवंत जाळले. भेसळ म्हटले की ग्राहकाची फसवणूक आणि इंजिनाचे नुकसान एवढेच आपण बोलतो. पण एबल यांचे उपकरण ज्या भीतीतून आले ती भीती इथेच आहे. रॉकेलमध्ये थोडे पेट्रोल मिसळले की फ्लॅश पॉइंट झपाट्याने खाली येतो आणि स्टोव्ह पेटवणारी बाई भाजते. शुद्ध तेलाची हमी हा अग्निसुरक्षेचाच भाग आहे आणि त्यासाठी एका अधिकाऱ्याने प्राण दिले.

आग लागलीच तर? पेट्रोलवर पाणी टाकणे म्हणजे आग पसरवणे, कारण पेट्रोल पाण्यापेक्षा हलके, ते पाण्यावर तरंगत जळत पुढे जाते. जुन्या मोटारींत पितळी अग्निशामक असत, त्यांत कार्बन टेट्राक्लोराइड भरलेले असे. आग विझे, पण तापलेल्या धातूवर त्यापासून विषारी फॉस्जीन तयार होई, म्हणून ते बाद झाले. तेलाच्या आगीला फेसाने झाकून विझवण्याची कल्पना बाकूमधले शिक्षक अलेक्सांद्र लोरान यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडली. फेस तेलावर तरंगतो, वाफ दाबतो आणि हवा तोडतो. गॅरेजला वाळूच्या बादल्या आणि कोरड्या पावडरीचा सिलिंडर पुरेसा ठरतो, पण तो दाराजवळ हवा. आत, टाकीमागे ठेवलेला सिलिंडर कोणाच्या हाती लागणार?

आता इंधन बदलते आहे आणि गॅरेजच्या बांधणीचा एक नियम उलटा होतो आहे. पेट्रोल आणि एलपीजीची वाफ खाली बसते, म्हणून हवेचे झरोके जमिनीलगत लागतात. सीएनजी हवेपेक्षा हलका, तो पत्र्याखाली कोंडतो, म्हणून त्याला वरून वाट लागते. ज्या गॅरेजात दोन्ही गाड्या येतात तिथे खाली आणि वर, दोन्हीकडे वाट ठेवावी लागेल. पत्रे बसवतानाच हा विचार झाला तर फार पैसे लागत नाहीत.

दुसरा बदल तर या परिसरातूनच आला आहे. कोल्हारपासून जवळच प्रवरानगर आहे, विठ्ठलराव विखे पाटलांनी उभारलेल्या सहकारी साखर कारखान्याचे गाव. उसाच्या मळीपासून मद्यार्क आणि त्यापासून इथेनॉल बनते. पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल मिसळण्याचे देशातले पहिले प्रायोगिक प्रकल्प २००१ मध्ये झाले, त्यांत मनमाड आणि मिरज ही महाराष्ट्रातली ठिकाणे होती. २०२३ पासून पंपांवर २० टक्के मिश्रण येऊ लागले. इथेनॉल पाण्यात विरघळते आणि साधा फेस त्याच्यावर टिकत नाही, फुटून जातो. अशा आगीला मद्यार्कावर टिकणारा वेगळा फेस लागतो. गावात आग लागली की बंब येतो तो जवळच्या नगरपालिकेचा किंवा साखर कारखान्याचा. त्या बंबात कोणता फेस भरलेला आहे, तो किती जुना आहे आणि कोल्हारच्या चौकातल्या गॅरेजपर्यंत यायला त्याला किती मिनिटे लागतात, हे ग्रामपंचायतीने आणि गॅरेजवाल्यांनी आजच विचारून लिहून ठेवावे. सोबत कलम आठ आणि नऊमधली ती चार वाक्ये मराठीत रंगवून प्रत्येक गॅरेजच्या भिंतीवर लावावीत, ३० आणि १०० हे आकडे मोठ्या अक्षरांत.