दस्तक : दारावरचे आणि समुद्रावरचे

'दस्तक' हा शब्द फारसीतील 'दस्त' म्हणजे हात यावरून आलेला आहे. हिंदी-उर्दूत तो दारावरील थाप या अर्थी रूढ आहे. जुन्या मराठी कागदपत्रांत मात्र त्याचा अर्थ परवाना असा होतो. रायगड किनाऱ्यावर (१९८१ पर्यंतचा कुलाबा जिल्हा) कान्होजी आंग्रे अठराव्या शतकाच्या आरंभी दस्तक नसलेली गलबते अडवीत, आणि इंग्रजांशी त्यांचे वितुष्ट त्यातून वाढले.

हे दोन्ही अर्थ आता एकाच यंत्रात येऊ पाहत आहेत. दाराला कॅमेरा बसविण्याची कल्पना तशी जुनी. न्यूयॉर्कच्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन यांनी १९६६ मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केला व १९६९ मध्ये ते मिळाले. आजच्या 'स्मार्ट' घंटेमुळे अलिबागेतील बंगल्याच्या फाटकाशी उभा असलेला मनुष्य मुंबईतील मालकास फोनवर दिसतो. काही घंटा साठविलेल्या चेहऱ्यांशी जुळणीही करतात. परंतु ही जुळणी संभाव्यतेची असते, खात्रीची नव्हे.

आरोग्याच्या दाखल्याचा प्रश्न याहून बिकट आहे. कोविनच्या लसीकरण प्रमाणपत्रावरील क्यूआर संकेतात डिजिटल स्वाक्षरी असते. तिच्या पडताळणीने मजकूर मूळचाच आहे एवढे सिद्ध होते. दाखला समोरच्याच माणसाचा आहे, हे ओळखपत्र पाहिल्यावाचून ठरत नाही. शिवाय लस घेतलेला मनुष्य आज निरोगी आहे असेही त्यावरून म्हणता येत नाही. 'कोण', 'कागद कोणाचा' आणि 'प्रकृती कशी' हे तीन निराळे प्रश्न होत, आणि यंत्रे विकणारे ते एकच समजतात!

२०२० च्या गणेशोत्सवात कोकणास याचा अनुभव आला. एस.टी.ने न येणाऱ्या चाकरमान्यांना ई-पास लागे, आणि पोहोचल्यावर १० दिवसांचे विलगीकरण असे. ज्याला सारा गाव नावाने हाक मारी, त्याच्याकडेच कागद मागितला गेला.

येथे भाषेचा एक विशेष ध्यानात घ्यावयास हवा. कडी वाजली की आतून 'कोण?' असे विचारले जाते आणि बाहेरून उत्तर येते, 'मी'. याकोब्सन यांनी १९५७ मध्ये विवेचिलेल्या 'शिफ्टर' वर्गातील हा शब्द; त्याचा अर्थ बोलणाऱ्यागणिक बदलतो, म्हणून माहिती या दृष्टीने तो शून्यवत आहे. तरीही दार उघडते, कारण आतल्याने शब्द नव्हे, आवाज ओळखलेला असतो.