शब्द जवळचे, अर्थ वेगळे

आपल्या वऱ्हाडात इंग्रजी शब्द काही आजकालचे नाहीत. १८५३ साली निजामाने हा प्रांत इंग्रजांच्या हाती दिला. पुढे आगगाडी आली. तिच्यामागून कापसाचे कारखाने आले. 'जिन' आणि 'प्रेस' हे शब्द तेव्हापासून आपल्या तोंडी बसले. दोन्ही कापसाचेच कारखाने. पण जिनात सरकी निघून रुई वेगळी होते, आणि प्रेसमध्ये त्या रुईची गाठ बांधतात. अकोल्याच्या बाजारात यांची गल्लत कोणी करत नाही. कारण काम डोळ्यांनी पाहिलेले असते.

कागदावरच्या शब्दांचे तसे नाही. तिथे गल्लत झाली की घर बसते. अशा तीन जोड्या पाहू.

पहिली जोडी, विटनेस आणि गॅरंटर. दोघेही दुसऱ्याच्या कर्जाच्या कागदावर सही करतात. विटनेस म्हणजे साक्षीदार. "ही सही माझ्यासमोर झाली," एवढेच तो सांगतो. पैशाशी त्याचा संबंध नाही. गॅरंटर म्हणजे जामीनदार. कर्ज फिटले नाही तर ते त्याला भरावे लागते. १८७२ च्या करार कायद्याचे कलम १२८ सांगते की, करारात वेगळे लिहिले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. सोयरा म्हणेल, "भाऊ, नुसती सही तर पाहिजे." सही कोणत्या शब्दाखाली आहे, ते आधी वाचा.

दुसरी जोडी, एम.एस.पी. आणि एम.आर.पी. दोन्ही भावच. पहिलीतला 'एम' म्हणजे मिनिमम, कमीत कमी. दुसरीतला 'एम' म्हणजे मॅक्सिमम, जास्तीत जास्त. एम.एस.पी. हा तुमच्या मालाचा हमीभाव. केंद्र सरकार तो जाहीर करते. कापसाचा बाजार त्याखाली गेला, तर भारतीय कापूस महामंडळ हमीभावाने खरेदी करते. मात्र कापूस वाळलेला पाहिजे. ओलावा ८ टक्क्यांवर गेला की भाव कापतात, आणि १२ च्या वर गेला की माल परत. एम.आर.पी. पुड्यावर, बाटलीवर छापलेली असते. दुकानदार त्याहून कमी घेऊ शकतो, एक पैसाही जास्त घेऊ शकत नाही. थोडक्यात, विकताना एम.एस.पी. पाहा, घेताना एम.आर.पी. पाहा.

तिसरी जोडी, इन्सेक्टिसाइड आणि हर्बिसाइड. दोन्हींच्या शेवटी 'साइड' आहे. साइड म्हणजे मारणारे. कोणाला मारणारे, ते पुढचा अर्धा शब्द सांगतो. इन्सेक्ट म्हणजे कीड, म्हणून ते कीटकनाशक. हर्ब म्हणजे रोपटे, म्हणून ते तणनाशक. आता पाहा बरं, कपाशी हेही रोपटेच! टू-फोर-डी नावाचे तणनाशक मारलेला पंप नीट न धुता कपाशीत नेला, तरी पाने आकसून बोटांसारखी होतात आणि पीक हातचे जाते. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवावा. डब्यावर रंगीत खूणही असते. ती फक्त विषाचा जोर सांगते. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. औषध किडीचे की तणाचे, हे रंगावरून कळत नाही. ते शब्द वाचूनच कळते.

शब्द अडला तर विचारण्यात कमीपणा नाही. "याचा मराठीत अर्थ सांगा, मग सही करतो," असे साहेबासमोर खुशाल म्हणावे. घाई त्याला असेल. कर्ज आणि पीक तुमचे आहे.

सांगा पाहू :
१. कर्ज बुडाले तर कोणाकडे मागणी येईल, विटनेसकडे की गॅरंटरकडे?
२. खताच्या पोत्यावर कोणता भाव छापलेला असतो?
३. घरातल्या औषधाच्या डब्यावरील 'साइड' शब्द शोधा. त्याचा पुढचा भाग मोठ्याने वाचा.