बेताच्या उताराची गाडी

कॅनॉट प्लेसच्या बाह्य वर्तुळातून निघून इंडिया गेटकडे जाणारा जो रस्ता जुन्या दिल्लीकरांच्या तोंडी अद्यापही कर्झन रोड म्हणून वावरतो आणि सरकारदप्तरी कस्तुरबा गांधी मार्ग म्हणून नोंदलेला आहे, त्या रस्त्यावर जून 2013 मध्ये नव्या महाराष्ट्र सदनाच्या वास्तूचे उद्घाटन झाले, आणि तेव्हापासून राजधानीत कामानिमित्त वा केवळ हौसेने येणाऱ्या मराठी कुटुंबांच्या मुक्कामाचा तो एक ठरलेला पत्ता झाला आहे. अशा कुटुंबाच्या चार दिवसांच्या बेतात लाल किल्ला असतो, कुतुबमिनार असतो, राष्ट्रपती भवन पाहण्याची परवानगी काढण्याची खटपट असते. आणि बरोबर मुले असली की एक अख्खा दिवस मनोरंजन उद्यानासाठी मागितला जातो. ही मागणी बहुमताने मंजूर होते. अल्पमतात राहते ती एखादी आत्या, एखादे काका, किंवा पुष्कळदा मुलांचे वडीलच, ज्यांच्या पोटात रोलर कोस्टरचे नुसते चित्र पाहूनही गोळा येतो आणि ज्यांना त्या भयापेक्षा ते कबूल करण्याचीच लाज अधिक वाटते. प्रस्तुत लेख या अल्पमतासाठी लिहिलेला आहे.

कस्तुरबा गांधी मार्गाचा आणि या विषयाचा संबंध केवळ सदनामुळे जुळतो असे नाही. येथून पूर्वेस दोनेक किलोमीटरवर, प्रगती मैदानाच्या आवारात, 1982 च्या आशियाई क्रीडास्पर्धांचे शुभचिन्ह असलेल्या हत्तीच्या पिलाचे नाव धारण करणारे अप्पू घर 19 नोव्हेंबर 1984 रोजी सुरू झाले, आणि जत्रेतल्या पाळण्यापलीकडे यांत्रिक करमणूक ठाऊक नसलेल्या हजारो उत्तर हिंदुस्थानी कुटुंबांना तेथे पहिल्यांदा विजेवर फिरणाऱ्या भयाची चव मिळाली. 2008 च्या फेब्रुवारीत ते बंद पडले. पुढे त्याच जमिनीवर सर्वोच्च न्यायालयाच्या अतिरिक्त इमारती उभ्या राहिल्या व जुलै 2019 मध्ये त्यांचे उद्घाटन झाले; म्हणजे जेथे लोक हौसेने तिकीट काढून छातीची धडधड वाढवून घेत, तेथे आता तीच धडधड वकीलपत्रावर सही करून मिळते. आजच्या पाहुण्याला उद्यान हवे असेल तर बाराखंबा रोड स्थानकावरून मेट्रोच्या निळ्या मार्गाने, गाडी न बदलता, नोएडाच्या सेक्टर 18 पर्यंत जाऊन वर्ल्ड्स ऑफ वंडर गाठता येते, किंवा लाल मार्गाच्या रिठाला स्थानकाजवळचे रोहिणीतील ॲडव्हेंचर आयलंड. मात्र उद्यान कोणते हा प्रश्न दुय्यम आहे. उद्यानाच्या आत गेल्यावर कोणत्या गाडीत बसावे आणि कोणत्या गाडीपुढून सस्मित नमस्कार करून निघून जावे, हा खरा प्रश्न.

येथे प्रथम एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. सौम्य रोलर कोस्टर म्हणजे खऱ्या रोलर कोस्टरची लहान मुलांसाठी काढलेली पातळ आवृत्ती, असे तरुण मंडळी समजतात आणि तसे बोलूनही दाखवतात. इतिहासाचा दाखला याच्या अगदी विरुद्ध आहे. रशियातील बर्फाच्या घसरगुंड्यांचे अनुकरण पॅरिसमध्ये 1817 च्या सुमारास चाकांच्या गाड्यांनी झाले होते. पण आधुनिक अर्थाने ज्याला या करमणुकीचा जनक म्हणतात त्या लामार्कस थॉम्पसन याने 1884 मध्ये न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडवर जी पहिली गाडी चालवली, तिचा वेग ताशी जेमतेम 10 किलोमीटर होता, पाच सेंटांच्या तिकिटात उतारू बाकावर आडवे तोंड करून बसत, आणि मार्गाच्या टोकाला गेल्यावर नोकरमंडळी ती गाडी ढकलून परतीच्या रुळांवर घालीत. सायकल चालवणारा शाळकरी मुलगा याहून वेगाने जातो. पेनसिल्व्हेनियातील अल्टूना येथे 1902 साली बांधलेला आणि आज जगातील सर्वांत जुना म्हणून जपलेला लाकडी कोस्टर घ्या. त्याचा मोठ्यात मोठा उतार सुमारे नऊ फुटांचा आहे. तेव्हा बेताच्या उताराची गाडी निवडणारा मनुष्य या कलेच्या मूळ परंपरेशीच इमान राखतो. उलटेपालटे होण्याचा सोस मागाहून आलेला आहे, आणि तो आला तोही प्रारंभी अंगाशीच आला. 1895 मध्ये कोनी आयलंडवरच उभारलेल्या ‘फ्लिप फ्लॅप’ या गाडीचा फेरा अगदी गोल वर्तुळाचा असल्यामुळे उतारूंच्या मानांना असे हिसके बसत की लोकांनी अल्पावधीतच तिच्याकडे पाठ फिरवली. वर निमुळता होत जाणारा, पाण्याच्या थेंबाच्या आकाराचा फेरा आखून ही अडचण दूर करण्यास 1976 साल उजाडावे लागले, आणि ते श्रेय श्वार्त्सकोफ व श्टेंगेल या जर्मन अभियंत्यांकडे जाते.

आता निवडीकडे वळू. रोलर कोस्टरला इंजिन नसते, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. बहुतेक गाड्या साखळीने एकदा वर ओढल्या जातात आणि नंतरचा सारा खेळ गुरुत्वाकर्षणाचा असतो. म्हणून पहिला उतार किती उंचीचा आहे यावरून गाडीचा स्वभाव बऱ्याच अंशी कळतो. घर्षण हिशेबात न धरता गणित असे की, पाच मीटर खाली येणारी गाडी तळाशी ताशी 36 किलोमीटरच्या वेगाने पोचते, दहा मीटरला हा वेग 50 च्या घरात जातो आणि चाळीस मीटरला 100 च्या. उंची चौपट झाली म्हणजे वेग दुप्पट होतो. भिणाऱ्या माणसाने पहिल्या फेरीसाठी दोनमजली घराहून फार उंच नसलेला उतार पसंत करावा, हे माझे मत या हिशेबावर बेतलेले आहे.

परंतु उंची हा एकच निकष नव्हे, आणि नवशिके येथेच फसतात. काही गाड्या साखळीने चढत नाहीत. चुंबकांच्या साह्याने त्या एका झटक्यात सोडल्या जातात, आणि त्यांच्या आवाराबाहेर उंच सांगाडा दिसत नसल्यामुळे त्या निरुपद्रवी भासतात. बंदिस्त, काळोख्या इमारतीतून धावणाऱ्या गाड्यांचेही तसेच. पुढचे वळण दिसले म्हणजे शरीर त्यासाठी सावरते. ते दिसले नाही की साधे वळणही अंगावर येते. म्हणून पहिल्या वेळी उघड्यावरची, सबंध मार्ग खालून नजरेत येणारी गाडीच निवडावी.

याखेरीज दोन खुणा अशा आहेत की त्या वाचण्यास कोणाला विचारावे लागत नाही. पहिली म्हणजे प्रवेशद्वारावरची किमान उंचीची पाटी. ज्या गाडीत लहान मुलाला, मग ते पालकांसमवेत का असेना, बसण्याची मुभा आहे, ती गाडी बहुधा सौम्यच असते. जिथे मर्यादा साडेचार फुटांच्या आसपास पोचते तिथे सावध व्हावे. दुसरी खूण आसनाच्या अडसराची. नुसता मांडीवर येणारा दांडा असेल तर गाडी डोके खाली करण्याचा संभव कमी. खांद्यांवरून उतरून छातीवर बसणारे जोखड दिसले की ती उलटी होते असे धरून चालावे. दोन्ही नियमांना अपवाद आहेत, तेव्हा शेवटची खातरजमा डोळ्यांनीच करावी. कठड्याशी उभे राहून तीनचार फेऱ्या पाहाव्यात. गाडीपेक्षा उतरणाऱ्या माणसांच्या चेहऱ्यांकडे अधिक लक्ष द्यावे, आणि त्यातही आपल्या वयाच्या माणसांच्या. कॉलेजातली पोरे सगळ्याच गाड्यांतून हसत उतरतात.

कोणत्या डब्यात बसावे याविषयी उद्यानांत नाना मते ऐकू येतात. भित्र्या माणसाला सोबतीचे लोक ‘मागे बस, काही दिसत नाही’ असा सल्ला देतात, आणि तो सपशेल चुकीचा असतो. गाडी शिखरावरून उतरू लागते तेव्हा पुढचे डबे सावकाश कलतात, पण तोवर सर्वांचा भार उताराकडे झुकलेला असल्यामुळे शेवटचा डबा शिखरावरून जवळजवळ खेचला जातो, आणि एस.टी.च्या शेवटच्या बाकावर बसून गतिरोधक ओलांडणाऱ्याची जी गत होते तीच येथे अधिक प्रमाणात होते. या गोष्टीला एक विलक्षण पुरावा मिळालेला आहे. मिशिगन स्टेट विद्यापीठाशी संबंधित डेव्हिड वार्टिंगर नामक मूत्ररोगतज्ज्ञाने मूत्रपिंडाची सिलिकोनची प्रतिकृती करून, तीत खरे मुतखडे घालून, ती फ्लॉरिडातील डिस्ने उद्यानाच्या ‘बिग थंडर माउंटन’ या मध्यम जातीच्या गाडीतून फिरवली. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात मागच्या आसनांवर सुमारे 64 टक्के वेळा खडा सरकून बाहेर पडला, पुढच्या आसनांवर अवघ्या 17 टक्के. गाडी तीच, रूळ तेच, हिसक्यांत मात्र एवढे अंतर! (या संशोधनाला 2018 मध्ये विनोदी इग नोबेल पारितोषिक मिळाले, पण निष्कर्ष हसण्यावारी नेण्याजोगा नाही.) अगदी पुढे बसावे तर समोरचा रिता उतार डोळ्यांना छळतो. मधला डबा हाच भिणाऱ्याचा डबा.

वेळेचीही निवड असते. सकाळी उद्यान उघडताच चाकांचे वंगण थंड असल्यामुळे पहिल्या फेऱ्या दुपारच्या मानाने किंचित मंद धावतात, अर्धी रिकामी गाडी भरलेल्या गाडीहून हळू असते, आणि मुख्य म्हणजे रांग नसते. रांगेत घालवलेला पाऊण तास मनुष्याचे जेवढे धाबे दणाणून सोडतो तेवढे दीड मिनिटांची फेरी सोडीत नाही. दिल्लीच्या मे महिन्यातील उन्हाचा विचार केला तरी सकाळच श्रेयस्कर ठरते.

चढताना जो खट् खट् आवाज येतो आणि ज्याने पुष्कळांच्या हातापायांना घाम सुटतो, त्याबद्दल दोन शब्द अवश्य सांगितले पाहिजेत. तो आवाज काही झिजल्याचा वा सैल झाल्याचा नसतो. गाडीखालची कडी रुळांमधल्या दात्यांवरून सरकताना तो होतो, आणि साखळी तुटलीच तर गाडी मागे घसरू नये म्हणून ती कडी बसवलेली असते. म्हणजे सर्वांत भीतिदायक वाटणारा नाद हा पहारेकऱ्याच्या काठीचा आहे. तसेच रुळाच्या वर, बाजूस आणि खाली अशी तिन्ही अंगांनी चाके असतात. खालची चाके, ज्यांचे पेटंट जॉन मिलर याने 1919 च्या सुमारास घेतले, ती गाडीला रूळ सोडू देत नाहीत. आणि आगगाडीप्रमाणेच मार्गाचे टप्पे पाडलेले असून पुढचा टप्पा मोकळा झाल्यावाचून मागच्या गाडीला तेथे शिरण्याची परवानगी यंत्र देत नाही.

इतके सांगून, सर्व भय भ्रामक आहे अशी मखलाशी मी करणार नाही. एप्रिल 2025 मध्ये याच दिल्लीच्या नैर्ऋत्य सीमेवर, कापसहेडा भागातील एका उद्यानात, एका तरुणीचा अशा गाडीवरून पडून मृत्यू झाला. भारतीय मानक ब्यूरोने अशा यंत्रांच्या सुरक्षेसाठी 15475 क्रमांकाची संहिता केलेली आहे. पण संहिता कागदावर असते आणि अडसर मांडीवर. तो बसल्यावर स्वतः दोनदा हलवून पाहावा, सेवकाने प्रत्येकाचा तपासला की नाही हे न्याहाळावे, आणि जिथे ती तपासणी उरकल्यासारखी होते तिथून निःसंकोच उठावे. हृदयविकार, वाढलेला रक्तदाब, मानेचे वा पाठीचे दुखणे, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा गर्भारपण असेल, तर निवडीचा प्रश्नच उद्भवत नाही. अशा उतारूंना पाटीवरचा मनाई हुकूम शब्दशः लागू आहे.

बसल्यावर डोळे गच्च मिटण्याचा मोह होतो, तो टाळावा. अंतर्कर्ण शरीर हलल्याची वर्दी देत असता डोळ्यांकडून तिला दुजोरा मिळाला नाही म्हणजे मळमळ वाढते. नजर पुढच्या वळणावर, डोके टेकलेले, पाय तळाशी दाबलेले, आणि उतार लागताच श्वास बाहेर सोडलेला असावा; ओरडल्याने तो आपोआप सुटतो, म्हणून ओरडण्यास हरकत नाही.

दिल्लीच्या मुक्कामात ही परीक्षा नको वाटत असेल, तर घरचे ठिकाण अधिक सोयीचे आहे. 1989 मध्ये गोराईला सुरू झालेले एस्सेलवर्ल्ड, जिथे होडीतून जाऊन मराठी मुलांची एक सबंध पिढी पहिल्यांदा किंचाळली, ते 2023 मध्ये बंद झाले. परंतु महाराष्ट्र सदनाच्याच वर्षी, एप्रिल 2013 मध्ये, खोपोलीजवळ उघडलेले इमॅजिका आहे. तिथे वर सांगितलेले सारे प्रकार एकाच आवारात पाहावयास मिळतात. ‘नायट्रो’ सुमारे 40 मीटर उंचीची, ताशी शंभरावर वेग घेणारी आणि पाच वेळा उलटी होणारी. ‘डीप स्पेस’ काळोखात झटक्याने सुटणारी. आणि ‘गोल्ड रश एक्स्प्रेस’ खाणीतल्या गाडीच्या थाटाची, कुटुंबाने मिळून बसावे अशी. नायट्रो खालून पाहण्यास फार सुंदर आहे, आणि तिला तेवढाच मान द्यावा.

सोबतच्या मंडळींना एकच विनंती. दारापाशी पोचून कोणी माघार घेतली तर त्याला हसू नका, ओढूही नका. आसनापर्यंत गेलेल्या उतारूनेही नको म्हटले तर सेवक त्याला पलीकडच्या वाटेने जाऊ देतात, हा जगभरचा शिरस्ता आहे. आणि आत्याबाई वा काका, ज्यांचा अखेर बेत ठरलाच असेल, त्यांना माझा कौल असा: आठवड्याच्या मधल्या वारी, सकाळच्या पहिल्या तासात, गोल्ड रश एक्स्प्रेसचा मधला डबा.