पदवीनंतर पुन्हा पहिले वर्ष : घरातील औषधनिर्माता घडताना

रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेला नातू, वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन संसारात रमलेली सून किंवा नोकरीच्या शोधात असलेली लेक. घरातील ज्येष्ठांची औषधे वेळेवर देता देता यांपैकी कोणाच्या तरी मनात येते, की हे शास्त्र आपण रीतसर शिकावे. चौकशी केल्यावर मात्र कळते, की पदवीची तीन वर्षे येथे जमेस धरली जात नाहीत. बारावीची गुणपत्रिका पुन्हा काढायची आणि विशीतल्या मुलांबरोबर पहिल्या वर्षात बसायचे. जळगाव-धुळ्याकडील घरांत यावर ज्येष्ठांचा पहिला उद्गार ठरलेला असतो, ‘एवढे शिकून पुन्हा पहिलीपासून?’

हा उद्गार काळजीपोटी येतो. परंतु घरातील वडीलधाऱ्यांच्या एका शब्दावर असे निर्णय अडतात किंवा मार्गी लागतात. म्हणून होकार वा नकार देण्यापूर्वी, पुन्हा सुरुवातीपासून शिकण्याची ही अट कोणाच्या हितासाठी आहे, हे समजून घेणे आवश्यक आहे.

पदवीवर भागत असे तो काळ

आपल्या देशात औषधनिर्माणशास्त्राचे विद्यापीठीय शिक्षण तुलनेने उशिरा सुरू झाले. 1930 मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमली गेली. औषधांची शुद्धता आणि ती देणाऱ्यांचे प्रशिक्षण या दोन्ही बाबींतील उणिवा तिच्या कामामुळे पुढे आल्या. 1932 मध्ये महादेव लाल श्रॉफ यांनी बनारस हिंदू विद्यापीठात या विषयाच्या अध्यापनाचा पाया घातला. स्वातंत्र्यानंतर 1948 मध्ये फार्मसी कायदा संमत झाला.

या कायद्याने राज्यांची पहिली नोंदवही तयार करताना एक सवलत दिली होती. दुसऱ्या कोणत्याही विषयाची विद्यापीठीय पदवी आणि रुग्णालयात वा दवाखान्यात औषधे तयार करण्याचा किमान तीन वर्षांचा अनुभव असलेल्या व्यक्तीस औषधनिर्माता म्हणून नाव नोंदविता येत असे. प्रशिक्षित माणसे थोडी होती, म्हणून ती सोय होती. ‘बी.एस्सी. झाला म्हणजे मेडिकल टाकता येईल’ हा जुन्या पिढीतील समज त्या काळाशी जुळणारा आहे. ती सवलत पहिल्या नोंदवहीपुरती होती. आज नोंदणीसाठी मान्यताप्राप्त शिक्षणाला पर्याय नाही.

पदवीधराला औषधव्यवसायाचे एक दार मात्र आजही उघडे आहे. घाऊक विक्रीच्या परवान्यासाठी पदवी आणि औषधविक्रीतील एक वर्षाचा अनुभव असलेली सक्षम व्यक्ती नियमांना चालते. किरकोळ दुकानात मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत औषधनिर्मात्याच्या देखरेखीखालीच दिले गेले पाहिजे. घाऊक विक्रेत्यासमोर खोकी असतात आणि किरकोळ दुकानाच्या फळीपलीकडे रुग्ण उभा असतो, हे या भेदाचे साधे कारण होय.

फळीपलीकडचे ज्ञान

पंचाहत्तरीतील एका आजोबांची कल्पना करू. रक्तदाबाची गोळी, मधुमेहाची गोळी, थायरॉइडची गोळी, कॅल्शियम, आणि गुडघे दुखले की एखादी वेदनाशामक गोळी, असा त्यांचा डबा असतो. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घ्यावी आणि कॅल्शियम वा लोहाची गोळी तिच्यापासून साधारण चार तास दूर ठेवावी. अन्यथा पहिलीचे शोषण घटते. आयबुप्रोफेन वा डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके वारंवार घेतल्यास रक्तदाब वाढू शकतो आणि मूत्रपिंडावर ताण येतो. तापाची गोळी आणि सर्दीची गोळी या दोहोंत पॅरासिटामॉल असेल, तर नकळत दुप्पट मात्रा पोटात जाते. रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉर्फरिनसोबत स्वतःच्या मनाने ॲस्पिरिन घेणे तर रक्तस्रावाला निमंत्रण ठरू शकते.

रसायनशास्त्राच्या पदवीधराला या औषधांची रचना समजू शकते. पण त्यांपैकी कोणते वृद्ध शरीरात कसे वागेल, हे त्याला शिकविलेले नसते. औषधनिर्माणशास्त्राच्या पदविकेत म्हणजे डी.फार्म.मध्ये शरीररचना व शरीरक्रिया, औषधगुणशास्त्र, औषधोपचारशास्त्र, जीवरसायन व चिकित्सालयीन विकृतिशास्त्र, सामुदायिक औषधसेवा, रुग्णालयीन औषधसेवा, कायदा व नीती असे विषय असतात. शिवाय किमान तीन महिन्यांत 500 तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण घ्यावे लागते. म्हणजे नव्याने शिकण्यासारखे पुष्कळ आहे. मागील पदवीमुळे ते लवकर उमजते, एवढाच तिचा उपयोग. आणि तो लहान नव्हे.

दोन वाटा आणि वर्षांचा हिशेब

दोन्ही वाटांसाठी बारावी विज्ञान शाखेतून, भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र यांसह उत्तीर्ण असणे आवश्यक आहे. जोडीला जीवशास्त्र किंवा गणित असावे. वाणिज्य वा कला शाखेच्या पदवीधराला हीच अट आधी पूर्ण करावी लागते.

पहिली वाट दोन वर्षांच्या पदविकेची. महाराष्ट्रात तिचा प्रवेश बारावीच्या गुणांवर होतो आणि परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ घेते. दुसरी वाट चार वर्षांच्या पदवीची, म्हणजे बी.फार्म.ची. तीसाठी सामाईक प्रवेश परीक्षा म्हणजे एमएचटी-सीईटी द्यावी लागते. या परीक्षेत साधारण 20 टक्के भार अकरावीच्या आणि 80 टक्के बारावीच्या अभ्यासक्रमावर असतो. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. पदवीधराला येथे खऱ्या अर्थाने शाळेची पुस्तके पुन्हा उघडावी लागतात. पदवीच्या टिपणांनी हे काम भागत नाही.

वयाच्या बाविसाव्या वर्षी निर्णय घेणारा पदविकेच्या वाटेने चोविसाव्या आणि पदवीच्या वाटेने सव्विसाव्या वर्षी शिक्षण पूर्ण करील. सीईटीच्या तयारीस एक वर्ष दिल्यास सत्ताविसाव्या. पदविकेनंतर थेट बी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो. तेव्हा एकूण पाच वर्षे होतात, पण दोन वर्षांची पदविका आधीच हाती असते. घरची जबाबदारी मोठी असेल, तर ही पायरी-पायरीची वाट अधिक सोसणारी ठरते.

खान्देशात त्यासाठी पुण्या-मुंबईलाच जावे लागते असे नाही. शिरपूर, चोपडा, फैजपूर अशा ठिकाणी औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालये आहेत, शिरपूरची आर. सी. पटेल संस्था 1992 पासून कार्यरत आहे. जळगावच्या ज्या विद्यापीठाचे नाव आपण अभिमानाने घेतो, ते असोद्यात जन्मलेल्या आणि अक्षरओळख नसलेल्या बहिणाबाईंच्या नावाने ओळखले जाते. शहाणपण कोणत्या वयात आणि कोणत्या मार्गाने यावे, याविषयीचा आग्रह सोडायला तेवढे उदाहरण पुरे आहे.

पैसे भरण्यापूर्वी

संस्थेला फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता आहे काय, हे प्रथम पाहावे. मान्यता नसलेल्या संस्थेतील प्रमाणपत्रावर राज्याच्या कौन्सिलकडे नोंदणी होत नाही आणि वर्षे वाया जातात. पदविकाधारकांसाठी 2022 च्या नियमांनी नोंदणीपूर्वीच्या निर्गमन परीक्षेची तरतूद केली आहे. प्रवेशाच्या वर्षी ती कशा रीतीने लागू आहे, हे कौन्सिलकडून समजून घ्यावे. ‘हजेरीची चिंता नको’ असे कोणी सांगितल्यास त्या दारातून परत फिरावे. पदविकेत किमान 75 टक्के आणि पदवीत 80 टक्के उपस्थिती नियमानेच अपेक्षित आहे.

आणखी एक मोह टाळावा. नोंदणी झाल्यावर आपले प्रमाणपत्र दुसऱ्याच्या दुकानात टांगून घरबसल्या पैसे घेण्याचा मार्ग काहींना सोपा वाटतो. अशा दुकानात चुकीचे औषध आपल्याच वयाच्या एखाद्या आजीच्या हाती पडते, हे ज्येष्ठांनीच नव्या पिढीला स्पष्ट सांगावे.

काळजीवाहकाचे शिक्षण आणि घर

जी सून वा लेक घरात शुश्रूषा करते, तीच शिकू लागली तर शुश्रूषा कोण करील? हा प्रश्न स्वार्थाचा मानू नये, पण अनुत्तरितही ठेवू नये. प्रवेशापूर्वी घरच्या सर्वांनी बसून दिवसाची वाटणी लिहून काढावी. सकाळचे औषध कोणी द्यावे, डॉक्टरांकडे कोणी न्यावे, प्रात्यक्षिकाच्या आणि परीक्षेच्या दिवसांत कोणती बहीण वा भावजय येऊन राहू शकेल, हे ठरवावे. चालू शकणाऱ्या ज्येष्ठांनी स्वतःच्या औषधांची यादी स्वतः सांभाळण्यास आरंभ करावा. औषधाचे नाव, मात्रा, वेळ आणि ते कशासाठी आहे, एवढे चार रकाने पुरतात. यामुळे शिकणाऱ्याचा भार हलका होतो आणि वृद्धाचे स्वावलंबनही टिकते.

एक मर्यादा मात्र पाळावी. पहिल्या वर्षातील विद्यार्थ्याला घरचा वैद्य करू नये. त्याने शंका काढाव्यात, यादीतील नावे वाचावीत. पण गोळी बदलणे वा बंद करणे हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांचेच काम आहे.

घरात कोणी हा विषय काढला, तर ज्येष्ठांनी वयाचा हिशेब मांडण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात : बारावीचे विषय कोणते होते, संस्था मान्यताप्राप्त आहे काय, आणि त्या काळात घराची व्यवस्था कशी लावू? या तिन्हींची उत्तरे हाती आली, की पुन्हा पहिल्या वर्षात बसण्याचा संकोच उरत नाही. आणि तोवर, पुढच्या वेळी औषध घेताना आपल्या दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्ट हजर आहे काय, हे अवश्य विचारावे. तो आपला अधिकार आहे.