तलंगांना नव्या खुराड्याची सवय

शुक नदीला पूर आला की खारेपाटणच्या सखल भागात पाणी भरते. म्हणून पावसाआधी खुराडे उंचावर हलवलेले बरे. पण जागा बदलली की पिल्ले बावरतात. कोपऱ्यात एकमेकांवर चढून गुदमरतातही.

अंगावर पुरती पिसे आलेली, सहा आठवड्यांची पिल्लेच हलवावीत. पहिले चार-पाच दिवस ती खुराड्यातच ठेवावीत. आपले घर कोणते, हे त्यांना तेव्हाच कळते. मग सूर्यास्ताआधी तासभर जाळीच्या आवारात सोडावीत. अंधारू लागले की ती आपणहून आत येतात. जुन्या कोंबड्यांपासून दोन-तीन आठवडे वेगळी ठेवावीत. खाली कोरडा तूस हवा. ओलीत रक्ती हगवण बळावते.

माणसांनीही जपावे. धडधाकट पिल्लाच्या विष्ठेतही साल्मोनेला जंतू असू शकतो. त्याने लहान मुलांना ताप-जुलाब होतात. पाच वर्षांखालील मुलांच्या हाती पिल्ले देऊ नयेत. खुराडे झाडल्यावर साबणाने हात धुवावेत. एकाएकी बऱ्याच कोंबड्या मेल्या, तर त्या खाऊ नयेत. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. २००६ साली नवापूरचा बर्ड फ्लू कोंबड्यांच्या अशाच मरतुकीतून उघड झाला होता.